फुकट पार्किंगचे पैसे कोण भरतो?

बेळगावच्या बाजारात रस्त्याकडेला भाजीची बुट्टी घेऊन बसणाऱ्या बाईकडून भूभाडे घेतले जाते. तिने घेतलेली जागा फार तर चार फूट बाय सहा फूट, म्हणजे २४ चौरस फूट. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. चौरस फुटात ती सुमारे १३५ भरते. भाजीवालीच्या साडेपाच पट जागा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि बहुतेक गल्ल्यांत त्याबद्दल मोटारमालकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. बाई बसली की ते अतिक्रमण ठरते आणि मोटार उभी राहिली की ती नागरिकांची सोय ठरते. हा न्याय कुठला, हा प्रश्न आपण मराठी माणसांनी आता विचारायला हवा. कारण या बाजारात बुट्टी घेऊन बसणारी बाई आपली आहे, दुकानदार आपला आहे, आणि खानापूर, चंदगडहून खरेदीला येणारे गिऱ्हाईकही आपलेच आहे.

बाजारपेठेत पे-पार्किंगची नुसती चर्चा सुरू झाली तरी दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक गट म्हणतो, ही जनतेची लूट आहे, पार्किंग फुकटच हवे. दुसरा गट म्हणतो, महापालिकेची तिजोरी रिकामी आहे, तेव्हा पैसे घ्याच. आमच्या मते दोघांचाही नेम चुकतो. पार्किंगला पैसे घेतलेच पाहिजेत, पण ते तिजोरी भरण्यासाठी घेऊ नयेत. रस्त्यावरची जागा फिरती राहावी, एका गाडीने दिवसभर अडवून ठेवू नये, एवढ्यासाठीच ते घ्यावेत. आणि जमा झालेला पैसा ज्या गल्लीतून आला त्याच गल्लीत दिसला पाहिजे. या दोन अटी पाळल्या नाहीत तर पे-पार्किंगला विरोध करणेच योग्य ठरेल.

जागा कमी नाही, ती अडकून पडते

गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड. आपले हे रस्ते मोटारी येण्याच्या कितीतरी आधी आखले गेले. ते रुंद होणार नाहीत, आणि दोन्ही बाजूंची जुनी घरे-दुकाने पाडून ते रुंद करावेत असे कोणाला वाटतही नाही. म्हणजे जी जागा आहे तिचाच हिशेब मांडायला हवा.

समजा, एका रस्त्याच्या कडेला ४० मोटारी मावतात आणि दुकाने दहा तास उघडी असतात. सकाळी दहाला दुकानदार, नोकर आणि वरच्या मजल्यावरच्या कार्यालयांतले लोक आपापल्या गाड्या लावून मोकळे झाले, तर त्या ४० जागांचा उपयोग दिवसभरात ४० मोटारींनाच होतो. त्याच जागा गिऱ्हाइकांसाठी राहिल्या आणि प्रत्येक गाडी सरासरी तासभर थांबली, तर दिवसाला ४०० गाड्यांची सोय होते. काही जागा मधूनमधून रिकाम्या राहतील असे धरले तरी ३४० गाड्या होतात. रस्ता तोच, रुंदी तीच, एक वीटही न लावता साडेआठ पट गिऱ्हाईक सामावते. व्यापाऱ्याने हा हिशेब आपल्या वहीच्या मागच्या पानावर एकदा मांडून पाहावा. ‘पार्किंग नाही म्हणून धंदा बसला’ अशी तक्रार करणाऱ्या दुकानासमोरच पुष्कळदा मालकाची गाडी उभी असते.

हे दुखणे आपलेच नाही आणि नवेही नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी या गावात १९३५ साली नेमके हेच घडत होते. बाजारात काम करणारे लोक दिवसभर गाड्या लावून ठेवत आणि खरेदीदाराला जागा मिळत नसे. तिथल्या एका वृत्तपत्राचे संपादक कार्ल मॅगी व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीवर होते. त्यांच्या कल्पनेतून जगातला पहिला पार्किंग मीटर त्या वर्षी जुलैमध्ये उभा राहिला. तासाला पाच सेंट असा दर होता. मीटर प्रथम रस्त्याच्या एकाच बाजूला बसवले होते. थोड्याच दिवसांत समोरच्या बाजूचे दुकानदार आमच्याकडेही बसवा म्हणून मागे लागले. ज्यांचे नुकसान होईल असे वाटत होते, त्यांच्याच गल्ल्यात भर पडली होती.

दर किती असावा?

आपल्याकडे पार्किंगचा दर ठरतो तो सभागृहात कोणीतरी सुचवतो म्हणून, किंवा शेजारच्या शहरात तेवढा आहे म्हणून. याला काही आधार नाही. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर याच एका विषयाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी दिलेली कसोटी कोणालाही समजेल अशी आहे. रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यात केव्हाही एक-दोन जागा रिकाम्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात. सगळ्या जागा भरून गाड्या घिरट्या घालत असतील तर दर कमी पडला. अर्धा रस्ता ओस पडला असेल तर दर जास्त झाला, तो खाली आणा.

याचा अर्थ गावभर एकच दर ठेवणे चूक आहे. खडे बाजारात जो दर लागेल तो टिळकवाडीच्या आतल्या रस्त्यांना लागणार नाही. दिवाळी आणि गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे वेगळे, पावसाळ्यातला मंगळवार वेगळा. पहिल्या तासाला दर माफक असावा आणि पुढच्या प्रत्येक तासाला तो चढत जावा, म्हणजे खरेदीला आलेल्याला झळ लागत नाही आणि गाडी ठेवून दिवसभर नोकरीला जाणारा आपोआप लांबच्या मैदानाकडे वळतो. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी मावतात, म्हणून दुचाकीचा दर मोटारीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असू नये. अपंगांसाठी राखीव जागा मोक्याच्या ठिकाणी आणि विनामूल्य असावी. गल्लीत राहणाऱ्यांना रात्रीसाठी अल्प दराचा वार्षिक पास मिळावा.

खानापूर, निपाणी, संकेश्वर अशा गावांना तर यंत्रांचीही गरज नाही. तिथे आठवडी बाजाराचा दिवस आणि लग्नसराई सोडली तर एरवी जागा पुरते. पुरते तेव्हा पैसे घेऊच नयेत. बाजाराच्या दिवशी मात्र मुख्य रस्त्यावर दर लावावा आणि थोड्या अंतरावरचे मैदान फुकट ठेवावे. चुन्याच्या रेषा, क्रमांक घातलेली पावती पुस्तके, मोबाईलवरून पैसे भरायचा फलक आणि ओळखपत्र घातलेला माणूस, एवढ्या सरंजामात लहान गावाचे काम भागते.

ठेक्याचे गणित

आता मूळ दुखण्याकडे येऊ. लोकांचा राग दहा-वीस रुपयांवर नसतो, तो ठेकेदाराच्या पोरांवर असतो. पावती मागितली की अरेरावी, फलकावर एक दर आणि तोंडी दुसरा, ठेका मैदानाचा असताना वसुली समोरच्या रस्त्यावरही. लहान-मोठ्या अनेक गावांत हा अनुभव आहे. यात माणसे वाईट आहेत असे म्हणण्यापेक्षा पद्धत कशी आहे ते पाहावे.

वर्षाच्या ठेक्यात ठेकेदार ठरावीक रक्कम पालिकेला देतो. त्यापुढे जे जमेल ते त्याचे. साहजिकच जितक्या जास्त गाड्या कोंबता येतील तितका त्याचा फायदा. एक-दोन जागा रिकाम्या राहाव्यात ही आपली गरज, त्याचे मात्र त्यात नुकसान. म्हणून तो दुहेरी रांगा लावतो, येण्याजाण्याची वाट अडवतो. खरी पावती फाडली तर खरे उत्पन्न उघड होईल आणि पुढच्या लिलावात बोली वाढेल, म्हणून पावती द्यायला तो नाखूष असतो. आणि पालिकेला तर आपल्याच जागेवर दिवसाला किती गाड्या येतात याचा पत्ता नसतो. ज्याला आकडाच माहीत नाही तो दर कशाच्या आधारावर ठरवणार?

यावर उपाय आहे. वसुलीचे काम बाहेरच्या माणसाला दिले तरी त्याला ठरावीक मेहनताना द्यावा आणि जमा होणारा प्रत्येक रुपया थेट पालिकेच्या खात्यात जावा. पावती नसेल तर पैसे नाहीत, हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे. महिन्याला किती गाड्या आल्या, किती रक्कम जमली, हे त्या गल्लीच्या तोंडाशी लावावे. महिला बचत गटांना किंवा गल्लीतल्या मंडळाला हे काम देता आले तर रोजगारही गावातच राहील.

गल्लीचा पैसा गल्लीत

लोक पैसे द्यायला तयार होतात, पण कशासाठी ते दिसले पाहिजे. कॅलिफोर्नियात पासाडेना नावाचे एक मध्यम शहर आहे. तिथल्या जुन्या बाजारपेठेला अवकळा आली होती. पालिकेने मीटर बसवायचे म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी विरोध केला. अखेर तडजोड झाली की मीटरचा पैसा त्याच बाजारपेठेत खर्च करायचा. १९९३ मध्ये मीटर बसले. त्या पैशातून पदपथ, दिवे, झाडे, सफाई झाली आणि बाजार पुन्हा गजबजला. विरोध करणारे व्यापारीच पुढे मीटरचे समर्थक झाले.

उलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. त्यावर एवढा गदारोळ झाला की ते पाच रस्त्यांपुरते आखडून घ्यावे लागले. धोरणात तज्ज्ञांचे विचार होते, पण सामान्य पुणेकराच्या कानावर एवढेच पडले की आता घरासमोर गाडी लावायलाही पैसे मोजावे लागणार. आपल्या पेठेला बदल्यात काय मिळणार हे त्याला कोणी पटवून दिले नव्हते.

बेळगावात प्रत्येक गल्लीला पंच आहेत, युवक मंडळ आहे. पार्किंगच्या रकमेतला निम्म्याहून अधिक वाटा त्याच गल्लीच्या गटारी, दिवे, स्वच्छतागृह आणि पदपथावर खर्च करायचा, आणि कामाचा क्रम पंचांना विचारून ठरवायचा, असा ठराव झाला तर विरोधाची धार बोथट होईल. बाजारात आलेल्या बायाबापड्यांना स्वच्छतागृह शोधत फिरावे लागते, ही लाज पार्किंगच्या पैशातून सहज धुऊन काढता येईल.

इमारत बांधून प्रश्न सुटत नाही

पार्किंगचा प्रश्न निघाला की आपल्या पुढाऱ्यांना बहुमजली इमारत आठवते. बहुमजली पार्किंगमध्ये उतार, वळणे, जिने धरून एका मोटारीमागे २५ ते ३० चौरस मीटर बांधकाम लागते. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकातील कुटुंबाच्या घराला चटई क्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटर होती. म्हणजे एका मोटारीसाठी आपण एका गरीब कुटुंबाच्या घराएवढे बांधकाम सार्वजनिक पैशाने करतो. एवढे करूनही समोरचा रस्ता फुकट असेल तर चार मजले चढून कोण गाडी लावील? पणजीत पाटो भागात बहुमजली पार्किंग आहे, तरी बाजारातल्या १८ जून रस्त्यावरची गाड्यांची गर्दी त्यामुळे हटली नाही. आधी रस्त्याला दर लावावा. त्यानंतरही जागा अपुरी पडली तरच इमारतीचा विचार करावा.

शिवाय पार्किंग आधीच बांधलेले आहे, ते फक्त आपल्याला दिसत नाही. व्यापारी संकुलाचा परवाना घेताना तळघरात पार्किंग दाखवायचे आणि मग तिथे गोदाम किंवा दुकान थाटायचे, ही चाल सर्वांना ठाऊक आहे. ती तळघरे मोकळी करायला निविदा काढावी लागत नाही, हिंमत दाखवावी लागते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप गरिबाचा. पैसे लावले तर गरीब मरेल, असे सांगितले जाते. पण बाजारात मोटार घेऊन येतो कोण? खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून बसने येणारा शेतकरी आणि वडगावहून चालत येणारी विणकराची बायको फुकट पार्किंगचा लाभ घेत नाहीत. उलट पदपथ गाड्यांनी भरल्यामुळे त्यांनाच रस्त्याच्या मधून चालावे लागते. फुकट पार्किंगचा खर्च घरपट्टीतून आणि गैरसोयीतून तेच भरतात.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. गिऱ्हाईक मॉलकडे जाईल, अशी त्यांना भीती आहे. ही भीती खोटी नाही. पण गोव्याहून किंवा चंदगडहून गाडी घेऊन आलेला माणूस वीस रुपयांमुळे परत जात नाही. तीन फेऱ्या मारून जागा मिळाली नाही की जातो, आणि पुन्हा येत नाही.

तिसरा आक्षेप, ‘आधी जागा द्या, मग पैसे घ्या.’ हा रास्त आहे. म्हणूनच दिवसभर गाडी ठेवणाऱ्यांसाठी बाजारापासून चालण्याच्या अंतरावर स्वस्त मैदान आधी तयार हवे. दवाखान्यात येणाऱ्यांचाही वेगळा विचार हवा. रुग्णाच्या नातेवाइकाला चढता दर लावणे माणुसकीला धरून होणार नाही.

निर्णय कोणी करायचा?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने घटनेला जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशा अठरा बाबी आहेत. त्यांतली सतरावी बाब रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, सार्वजनिक सोयी आणि वाहनतळ यांची आहे. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही २००६ मध्येच सांगितले की पार्किंगचे शुल्क जागेच्या किमतीला धरून असावे. म्हणजे अधिकार कोणाचा आणि दिशा कोणती, दोन्ही कागदावर स्पष्ट आहे.

प्रत्यक्षात काय होते? बेळगाव महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये आणि महापौर निवडले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये. जवळपास चार वर्षे शहराचा कारभार अधिकाऱ्यांनी हाकला. याच काळात स्मार्ट सिटीची कामे एका कंपनीमार्फत चालू होती. वाहतूक पोलीस गाडी उचलणार, महापालिका ठेका देणार, कंपनी आराखडा करणार आणि नागरिक फक्त पैसे भरणार, अशा कारभारात कोणताही दर लोकांना जिझिया करासारखाच वाटणार.

भाषेचा मुद्दाही इथे येतो. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनात म्हटले आहे. पार्किंगचा दरफलक आणि पावती हा नागरिकाच्या खिशाला हात घालणारा नियमच आहे. तो कन्नडबरोबर मराठीतही हवा. जो दर वाचता येतो त्याच दरात फसवणूक थांबते.

आणि भाजीवालीला विसरू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि नगर विक्रय समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात. पार्किंगसाठी जागा हवी म्हणून तिची बुट्टी उचलली गेली तर ते कायद्याला धरून नाही. पार्किंगचा आराखडा या समितीपुढे आला पाहिजे.

आपल्या नगरसेवकाला विचारण्याजोगे प्रश्न चारच आहेत. आमच्या गल्लीत दिवसाला किती गाड्या उभ्या राहतात, हे कधी मोजले काय? गेल्या ठेक्यातून किती रक्कम आली आणि ती कुठे गेली? दरफलक मराठीत का नाही? आणि तळघरातली दुकाने कधी हटणार? पुढच्या ठेक्याची निविदा निघण्याआधी गल्लीच्या पंचांनी आणि व्यापारी संघटनांनी हे प्रश्न लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. निविदा निघाल्यावर मोर्चे काढून फारसे काही हाती लागत नाही. रस्ता सर्वांचा आहे. त्यातला तुकडा एकाला वापरायला द्यायचा तर त्याचे भाडे भाजीवालीइतकेच मोटारवाल्यानेही द्यावे, आणि ते कुठे खर्च झाले याचा हिशेब दोघांनाही मिळावा.